पुढची ओळ, सर

कॉलेजात चार महिने प्रोग्रामिंग शिकवलं की किस्से आपोआप साचतात. चेन्नईच्या मैत्रिणी फोनवर विचारतात, "कसं चाललंय?" आणि मी एकच सांगायचं ठरवून चार सांगते.

दहावीनंतर मी तिकडे शिकले, तिथेच दोन वर्षं नोकरी केली. वाशिमला परत येताना वाटलं होतं, मुलं कॉम्प्युटरला बिचकतील आणि मी त्यांची भीती घालवीन. पहिल्या तासाला गाव, ध्येय, भविष्य यांवर वीस मिनिटं बोलले. मग किन्हीराजा गावचा गजानन उठला.

"मॅडम, तुमी परत कधी जानार?"

"का रे?"

"नाई, वही शंभर पानी घेऊ का दोनशे पानी, ते ठरवाचं हाय."

मी म्हटलं, "दोनशे." त्या वर्गात बिचकलेलं माणूस एकच होतं आणि ते फळ्यापाशी उभं होतं.

*

दुसरी ओळख दुर्गाची. मानोऱ्याकडच्या तांड्यावरची, पहिल्या बाकावरची. तिचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. यंदा तिनेही यावं, तिथे धाकट्या भावंडांना सांभाळावं, असं घरी चाललं होतं. म्हणजे पहिली परीक्षाही द्यायच्या आत कॉलेज बंद. वडिलांनी एवढंच कबूल केलं होतं, "काय शिकून राह्यली ते एकदा पाहीन, मंग सांगीन."

ती दिवस मोजत होती, आणि तिच्याबरोबर मीही.

*

फळ्यावर मी लिहिलं, x = x + 1.

गजानन म्हणाला, "हे खोटं हाय, मॅडम. एक मिळवल्यावर तो पयल्याइतकाच कसा राहीन?"

मी समजावलं, x हा डबा आहे. आत जे आहे त्यात एक मिळवायचा आणि आलेलं उत्तर त्याच डब्यात ठेवायचं.

"मंग 'बरोबर' कायले म्हनता? 'भर' म्हना ना."

मी हे चार वर्षं इंग्रजीत शिकले. इतकं स्वच्छ मला कुणी सांगितलं नव्हतं. आता आमच्या लॅबमध्ये ते चिन्ह सगळे 'भर' असंच वाचतात.

*

एकदा तासाला लाइन गेली, सगळे कॉम्प्युटर बंद. मी म्हटलं, चला, दुर्गा कॉम्प्युटर. गजाननने सूचना लिहायच्या, तिने तंतोतंत पाळायच्या, मनाचं काही करायचं नाही.

गजाननने वाचलं, "दारातून बाहेर पड. डावीकडे वळ. सरळ चाल." आणि कागद खाली ठेवला.

दुर्गा चालत राहिली. व्हरांडा संपला तिथे प्राचार्यांची केबिन, दार उघडंच. ती आत शिरली, टेबलाला लागली आणि उभी राहिली. मी धावत पोचले तेव्हा सर चष्मा काढून विचारत होते, "काय पाहिजे तुला?"

"पुढची ओळ, सर."

सर रागावतील असं वाटलं. त्यांनी शांतपणे दाराकडे बोट केलं आणि म्हणाले, "मागे फिर. चाल. वर्ग आला की थांब."

माझ्यामागे धावत आलेला गजानन हळूच म्हणाला, "सरांले येते."

*

दिवाळी दहा दिवसांवर असताना दुर्गाचे वडील आले. चप्पल बाहेर काढली, खुर्ची नको म्हणाले, तिच्या मागे उभे राहिले.

दुर्गाने त्यांच्यासाठीच प्रोग्राम लिहिला होता. ट्रॉलीत दोनशे मोळ्या भरेपर्यंत स्क्रीनवर 'मोळी टाक' येत राहायचं, मग थांबायचं. तिने बटण दाबलं. मोळी टाक, मोळी टाक, मोळी टाक. दोनशे कधीच होऊन गेल्या, स्क्रीन थांबेना. दुर्गाचे कान लाल झाले. मी वाकून एखादं चिन्ह सुटलंय का ते शोधू लागले. सापडेना.

"काय लिवलं ते वाचून दाखव," वडील म्हणाले.

दुर्गाने मराठीत सांगितलं, "सुरुवातीले मोळ्या शून्य. मोळ्या दोनशेहून कमी हायेत तोवर, मोळी टाक. बस."

वडिलांनी स्क्रीनवर बोट टेकवलं.

"टाकून राह्यली, हे ठीक. पन मोजून कोन राह्यलं?"

दुर्गाने कपाळावर हात मारला. दर मोळीला एक वाढवायची ओळच राहिली होती. तिने ती घातली. दोनशेला स्क्रीन थांबला.

मी घसा खाकरला. मुलींच्या शिक्षणावरचं माझं भाषण आठवडाभर तयार होतं. त्यांनी हात वर केला.

"मॅडम, हे पोरगी अजून कच्ची हाय. असं मानूस टोळीत काय कामाचं? जऊळक्याले मावशी हाय तिची, तिथं राहीन. पक्की होऊ द्या इले इथंच."

"अन् लहाने?" दुर्गाने विचारलं.

"त्याइचं पाहू आमी."

एवढं बोलून ते चप्पल घालून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वेळापत्रकात शनिवारचा एक तास वाढवला. मुलांनी प्रोग्राम वाचून दाखवायचे, पालकांनी चुका काढायच्या. ऊसतोडीच्या गाड्या निघायला दोनच शनिवार उरले होते.