न वाचलेलं नाव

राहुल, मैत्रेयी,

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही हसत विचारलंत की आईच्या हाताखाली आता चार माणसं आहेत, तरी वेबसाइटवर कुणाचंही नाव टाकण्याआधी ती स्वतः फोन का करते? तिला विचारलं तर म्हणे, "आजीला विचारा." म्हणून लिहिते आहे. एकदाच लिहीन, तेव्हा नीट वाचा.

आपल्या घरात अंगारे-धुपारे कधी आले नाहीत. बुद्धवंदना म्हणायची आणि डोकं ताळ्यावर ठेवायचं, एवढंच तुमच्या आजोबांचं सांगणं. मी हिंगोलीच्या शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. कुणी भुताचा निबंध लिहिला की वहीवर लाल शाईने लिहायची, 'तू स्वतः पाहिलंस का?' आज तोच प्रश्न मला कुणी विचारला तर... नाही. मी पाहिलं नाही. मी त्या वेळी घरातच नव्हते.

दोन हजार चारचा उन्हाळा. आजोबा जाऊन वर्ष झालं होतं. सुजाता, म्हणजे तुमची आई, पुण्याची नोकरी सोडून घरी आली होती. मी एकटी पडले हे एक कारण, आणि तिला स्वतःचं काम उभं करायचं होतं हे दुसरं. तोवर एक ट्रॅक्टरचं दुकान आणि एक कोचिंग क्लास, एवढ्याच दोन वेबसाइट झाल्या होत्या. माझा भाऊ दर गुरुवारी येऊन बसायचा.

"काहून पोरीचं वाटुळं करून राहिलीस, ताई? हिंगोलीत वेबसाइट कोणाला लागते? म्हशीला?"

"म्हशीची पण करते, मामा," सुजाता मान वर न करता म्हणायची. "फोटो तेवढा आणा. अन् म्हशीला पुसून आणा, चालतं का म्हणून."

हसण्यावारी न्यायची, पण तिनेच मला शब्द दिला होता – पावसाळ्याच्या आत बाहेरचं मोठं काम मिळालं नाही तर सरकारी कचेरीत डेटा एंट्रीला जाईन.

आणि तेव्हाच काम आलं. आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची वेबसाइट. सांगणारा अमेरिकेतला डॉक्टर, माझाच विद्यार्थी. रविवारी दुपारपर्यंत साइट नेटवर दिसली तर त्याच्या दवाखान्याचं कामही सुजातालाच मिळणार होतं.

मजकूर मी गोळा केला. एक पान होतं, 'आमच्यातून गेलेले'. गावोगाव फिरून एक्केचाळीस नावं लिहून आणली. त्यात शिरड शहापूरचा प्रल्हाद होता. मेंढ्या राखणाऱ्या घरातला, पण वर्गात पहिल्या बाकावर बसणारा. त्याच्या वहीत मी लाल शाईने दुरुस्त केलेलं वाक्य तो न सांगता दहा वेळा लिहून आणायचा. दहावीनंतर बापाशी भांडून गेला तो गेलाच. बारा वर्षं वाट पाहून त्याच्या भावांनी रिवाजाप्रमाणे पिठाचा पुतळा करून त्याची क्रिया उरकली होती. मी गेले तेव्हा थोरल्या भावाने नाव सांगितलं. म्हातारी आई दारात शेळीला पाला टाकत होती.

"नका लिवू, बाई. माजं लेकरू कुठं गेलं न्हाई. येतो म्हणलाय."

भाऊ म्हणाला, "तिचं मनावर घेऊ नका." मी घेतलं नाही. लिहिलं.

आता आमची कामाची पद्धत सांगते, कारण सगळं तिच्यावरच आहे. लोडशेडिंगमुळे वीज दुपारी एक ते चार एवढीच भरवशाची. सुजाता बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटरवर बसायची. माझी पाठ धरायची म्हणून मी आतल्या खोलीत पडून कागद वाचायची. मध्ये पडदा. ओळ संपली की मी पेन्सिल पलंगाच्या कडेवर दोनदा वाजवायची, टक टक, म्हणजे पुढची ओळ. ती "हं" म्हणायची.

त्या शनिवारी पुसेगावहून निरोप आला की माझी थोरली बहीण, अक्का, आजारी आहे. मी सकाळच्या एसटीने निघाले. एकला परत येते म्हणाले. निघताना टेबल आवरलं आणि औषधाच्या पिशवीत नावांचे कागदही घातले गेले. पुसेगावला पोचल्यावर पिशवी उघडली तेव्हा कळलं. अक्काकडे फोन नव्हता. दुपारची गाडी आलीच नाही. सुजाताचं काम बुडालं या विचाराने मी अक्काशेजारच्या बाजेवर पडून राहिले.

साडेसहाला घरी आले. दाराला आतून कडी. सुजाताने दार उघडलं आणि माझ्याकडे, मग पिशवीकडे बघत राहिली.

"तू परत कधी बाहेर गेलीस?"

"परत म्हणजे? आत्ता येते आहे मी."

तिने मागे वळून आतल्या खोलीकडे पाहिलं. वीज आल्यावर एक वाजता ती कामाला बसली होती. आतून माझा आवाज आला. मी मागच्या दाराने आले असेन असं तिला वाटलं. मी आडनाव, नाव, गाव, वर्ष वाचत गेले, पेन्सिल वाजवत गेले, ती टाइप करत गेली. चारला वीज गेली तेव्हा चहाचे दोन कप घेऊन ती आत गेली. पलंग रिकामा होता. मागचं दारही आतून बंद. दोन्ही कप ओट्यावर तसेच होते, साय धरलेले.

मी म्हणाले, "झोप लागली असेल तुझी."

"झोपेत एवढं टाइप होतं का, आई?"

रविवारी सकाळी नशिबाने वीज होती. तिने पान छापून दिलं. मी माझ्या कागदाशी ताडून पाहिलं. एका अक्षराची चूक नाही. गावांची विचित्र स्पेलिंगसुद्धा मी लिहिली होती तशीच. फक्त नावं चाळीस होती. प्रल्हाद नव्हता.

"ते तू वाचलंच नाहीस," सुजाता म्हणाली. "तिथं थांबलीस. बराच वेळ. मग टक टक केलंस आणि पुढचं घेतलंस."

"राहून गेलं असेल."

"आई... नको ना टाकूस ते."

"यादी म्हणजे यादी," मी म्हणाले. लाल पेन घेतलं, दोन ओळींच्या मध्ये खूण केली आणि त्याचं नाव, गाव, वर्ष सुवाच्य अक्षरात भरलं. अकरा वाजता साइट नेटवर गेली. अमेरिकेतून शाबासकीचा मेल आला. तुमच्या आईचा धंदा त्या दिवशी उभा राहिला.

संक्रांतीच्या सुमारास प्रल्हादचा थोरला भाऊ घरी आला. सुरतेहून प्रल्हादच्या खोलीतला सोबती त्याची लोखंडी पेटी घेऊन त्यांच्याकडे आला होता. प्रल्हाद बारा वर्षं तिथे कापडाच्या कारखान्यात होता. दिवाळीला घरी यायचं ठरवून त्याने आईला लुगडं घेतलं होतं. या सोबत्यानेच गंमत म्हणून इंटरनेट कॅफेत नेऊन त्याच्या शाळेची साइट उघडून दिली. प्रल्हादने आपलं नाव वाचलं. आधी हसला म्हणे. मग म्हणाला, "घरच्यांनी क्रिया केली असंल माजी. आता कोण्या तोंडानं जाऊ?" तो घरी आला नाही. थंडीत कावीळ झाली. दवाखान्यातही गेला नाही. त्यातच संपला.

मी आणि सुजाता शिरड शहापूरला गेलो. म्हातारी ते लुगडं मांडीवर घेऊन बसली होती. मला वाटलं होतं शिव्या देईल. तिने मला बसायला पोतं टाकलं.

"माजं लेकरू तुमचं लई ऐकायचं, बाई," ती म्हणाली. "तुमी लिवलं, तसं केलं त्यानं."

परतताना एसटीत सुजाता म्हणाली, "हे काम सोडते." औंढ्याला गाडी थांबली. मग तीच म्हणाली, "सोडून काय होणार... पण विचारल्याबिगर नाव टाकणार नाही. कुणाचंच." ते ती आजवर पाळते. तिचा फोन लांबला तर घाई करू नका.

अक्काला मी हे सगळं पुढच्या उन्हाळ्यात सांगितलं.

"त्या दुपारी तू माझ्याजवळ झोपली होतीस," ती म्हणाली. "बोटं बाजेच्या लाकडावर वाजवून राहिली होतीस. दोन-दोनदा. एका जागी लई वेळ थांबलीस. मला वाटलं, आता उठती."

मी सगळ्या बाजूंनी विचार करून पाहिला आहे. आवाज माझाच होता, असं सुजाता आजही छातीवर हात ठेवून सांगते. म्हणजे जिने ते नाव वाचलं नाही, ती मीच. आणि दुसऱ्या सकाळी जिने ते लाल पेनने भरलं, तीही मीच. पहिलीला काय ठाऊक होतं, कसं ठाऊक होतं, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

दुसरीला मात्र मी चांगली ओळखते.

तुमची,
आजी