गच्चीवरचं ताट

विमानातल्या प्रवाशांना लेसरच्या किरणावरून इंटरनेट पोचवायचं, हे आमचं काम. विमान कितीही थरथरलं तरी जमिनीवरून सोडलेला किरण त्याच्यावरून ढळू द्यायचा नाही, एवढं आता जमायला लागलंय. ढगापुढे मात्र आमचं काही चालत नाही.

परवा घरी परतताना विमान उतरायला लागलं, तशी शेजारची मुलगी खिडकीला नाक लावून बसली. म्हणाली, "आता आमची गच्ची येईल. मी येणार असले की आई स्टीलचं ताट उन्हात धरून उभी राहते. वरून चमकताना दिसतं."

मीही वाकून बघायला लागलो. नेमका तेव्हाच मध्ये ढगाचा एक पुंजका आला. तो सरला तोवर घरं मागे पडली होती आणि विमानतळाचं कुंपण दिसत होतं.

अशा वेळी आमच्या यंत्रावर लाल दिवा लागतो आणि संपर्क तुटल्याची नोंद होते. यंत्राने तेच करायला हवं.

चाकं टेकली आणि थोड्याच वेळात तिचा फोन वाजला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला, "दिसलं का गं?"

"दिसलं की, आई," ती म्हणाली. "आता खाली जा, ऊन लागेल."