उतराताई

पेट्रोल भरून झाल्यावर कुणी कार्ड पुढे केलं, की उतराताईंचे दोन्ही हात पाठीमागे जायचे. छडी दिसल्यावर शाळेतल्या पोराचे जातात तसे. साडीवर पंपाचा निळा शर्ट, पायांत कॅनव्हासचे बूट, वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. पेट्रोलचा पाइप त्या लीलया ओढत, नोटा बोटाला थुंकी न लावता मोजत. पण विश्रांतवाडीच्या त्या पंपावर मी पाच-सहा वर्षं जात होतो, तेवढ्या काळात कुणाच्या कार्डाला त्यांचं बोट लागलेलं मी पाहिलं नाही. ‘उतरा,’ एवढंच म्हणायच्या. म्हणून मी त्यांचं नाव उतराताई ठेवलं. खरं नाव फार उशिरा कळलं, आणि ज्या प्रसंगात कळलं त्यात माझा चेहरा फारसा बघण्यासारखा नव्हता.

पहिली भेट मला स्वच्छ आठवते. गाडीत एसी चालू होता. मी काच चार बोटं खाली केली, त्या फटीतून कार्ड बाहेर सरकवलं आणि खणखणीत आवाजात पिन सांगितला. माझं जन्मसाल.

हात मागे गेले. “उतरा.”

“अहो ताई, चार पावलांवर तर मशीन आहे.”

“म्हणूनच म्हणते. चारच पावलं हाईत.”

मी पुटपुटत उतरलो. त्यांनी मशीन माझ्याकडे वळवलं आणि म्हणाल्या, “तुमचा आकडा आता त्या हवावाल्याला बी पाठ झाला. आजच्या आज बदला.”

मी चार महिन्यांनी बदलला. नवा पिन म्हणून बायकोचं जन्मसाल घेतलं आणि कौतुकाच्या अपेक्षेने तिला सांगितलं. ती म्हणाली, “लग्नानंतर पहिल्यांदा लक्षात ठेवलंस. तेही बँकेसाठी.”

उतराताईंच्या आज्ञा तीन. पेट्रोल सुरू करण्याआधी “झिरो बघा,” मशीन पुढे करताना “आकडा वाचा,” आणि पिन दाबताना “हात आडवा धरा.” आकडा मनात वाचून चालत नसे. मोठ्याने वाचायचा. तिसरी आज्ञा मी एकदा इतक्या निष्ठेने पाळली, की माझ्या पंजाखालची बटणं मलाच दिसेनात. तीनदा चुकलो, कार्ड बंद पडलं. मागे रिक्षांची रांग. एक रिक्षावाला म्हणाला, “काका, कुणापासून लपवताय? स्वतःपासून?” पैसे शेवटी बायकोने घरून फोनवर पाठवले. उतराताई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, “हुईल सवय.”

सगळे माझ्यासारखे गरीब स्वभावाचे नसतात. एकदा पांढऱ्याशुभ्र गाडीतून एक जमीनवाले दादा आले. मनगटात सोन्याचं कडं, खिडकीबाहेर दोन बोटांत कार्ड.

“मला ओळखत नाहीस काय?”

“ओळखते की. तुमच्या मळ्यात खुरपायला यायचो आमी. उतरा.”

दादा उतरले नाहीत. शेजारी पेट्रोल भरणाऱ्या पोराने धावत जाऊन कार्ड घेतलं. संध्याकाळी मॅनेजरने उतराताईंना केबिनमध्ये बोलावून सुनावलं, की गिऱ्हाईक उतरवण्यात रांग खोळंबते, पुन्हा तक्रार आली तर बघावं लागेल. हे मला हवावाल्याने सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा हात मागेच होते.

मग तो रविवार आला. मी चहात खारी बुडवत होतो आणि फोन वाजू लागला. बँकेचे एकामागून एक तीन संदेश: कुठल्याशा परदेशी दुकानातून माझ्या कार्डावर बायकांचे बूट घेतले गेले होते. ना ओटीपी, ना काही. खारी कपात बुडाली. मी बायकोकडे संशयाने पाहिलं. ती म्हणाली, “माझ्या पायांकडे काय बघतोस? आधी बँकेला फोन लाव.” लावला. कार्ड बंद झालं, तक्रारीचा क्रमांक मिळाला. शेवटी बँकेच्या मुलीने विचारलं, “सर, कार्ड अलीकडे कुठे वापरलं होतं?”

आता मी तीस वर्षं विमा कंपनीत दुसऱ्यांचे दावे तपासले आहेत. तपासाचा पहिला नियम म्हणजे घाई नको. पण नुकसान स्वतःचं असलं की नियम आठवत नाहीत. आदल्या दिवशी पेट्रोल भरलं होतं, एवढंच मला आठवलं. पाच मिनिटांत मी पंपावर होतो, आणि उतराताईंकडे बोट दाखवून, सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, “माझं कार्ड इथूनच फुटलंय. ह्यांच्याकडेच दिलं होतं मी.”

मॅनेजर बाहेर आला. सगळं ऐकून घेऊन म्हणाला, “मंदाताई, शर्ट काढून ठेवा. चौकशी होईपर्यंत घरी थांबा.”

मंदाताई. असं कळलं मला नाव.

त्यांनी शर्टाच्या बटणाला हात लावला आणि थांबल्या. “जाते. पण आधी ह्या साहेबांना खुर्ची द्या.” मला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं गेलं. त्या समोर उभ्या राहिल्या. “कार्ड तुमच्या हातातनं कुटं सुटलं ते सांगा. हितलं सांगू नका, हितलं क्यामेऱ्यात हाय. काल किराणा?”

“तिथे मीच लावलं मशीनला.”

“परवा?”

“औषधं. तिथेही मीच.”

“त्याच्या आदी?”

त्याच्या आधी गुरुवार होता. हिंजवडीत पुतण्याच्या बढतीची पार्टी, आणि बिल देण्याचा काकाचा रुबाब. वेटर बिलाच्या पाकिटात कार्ड घालून आत घेऊन गेला. येताना मशीन इकडे आणायची तसदी नको म्हणून मी पिनही सांगून टाकला होता. नवा. बायकोचा. बडीशेप संपली, खडीसाखर संपली, तरी कार्ड परत आलं नव्हतं. तेवढ्या वेळात त्याचे पाठपोट फोटो काढून झाले असणार. परदेशी दुकानाला तेवढंच पुरतं.

हे सांगताना माझा आवाज लहान लहान होत गेला. तोवर मॅनेजरने केबिनमध्ये कॅमेऱ्याचं चित्रण लावलं होतं. पडद्यावर मी होतो, कार्ड माझ्या हातात होतं, आणि ताईंचे हात पाठीमागे.

“आदी मी घेत होते कार्ड,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्या पंपावर. बसा साहेब, मी करून आणते, असं म्हणायची. एकाचे पैसे गेले. तीन दिवस चौकीत बसले मी. काय निघालं न्हाई. त्या साहेबाला बँकेनं पैसे परत दिले. माझं नाव मला कुणी परत दिलं न्हाई. आमच्या आळीत अजून बाया पर्स जवळ ओढून बसत्यात.”

मी उठलो, हात जोडले, माफी मागितली.

“अशी न्हाई,” त्या म्हणाल्या. “मगाशी ज्या आवाजात बोललात, त्याच आवाजात. त्याच जागेवर.”

मॅनेजर “जाऊ द्या हो ताई” म्हणू लागला. ताई हलल्या नाहीत. मग मी पंपाच्या सिमेंटच्या ओट्यावर उभा राहिलो आणि दोन्ही रांगांना ऐकू जाईल असं सांगितलं, की कार्ड मीच हॉटेलात दिलं, पिन मीच सांगितला, ह्या बाईंनी कधीही माझ्या कार्डाला हात लावलेला नाही, आणि मी मूर्ख आहे. शेवटचं वाक्य मागितलेलं नव्हतं. पण मागून तोच रिक्षावाला म्हणाला, “काका, परत एकदा, इकडे ऐकू नाही आलं,” तेव्हा तेही दोनदा म्हणालो. ताईंनी शर्टाचं वरचं बटण लावलं आणि पुढच्या गाडीकडे वळल्या. “झिरो बघा.”

बँकेने पैसे परत दिले, कारण त्याच सकाळी कळवलं होतं. म्हणजे श्रेय बायकोचं. नवं कार्ड आल्यावर ताईंनी मला पंपावरच उभं करून बँकेच्या ॲपमधले परदेशी व्यवहार बंद करायला लावले. “जे दार आपण वापरत न्हाई, त्याला कडी.” ऑनलाइन खर्चाची मर्यादाही इतकी खाली आणायला लावली, की आता चोराला माझ्या कार्डावर फार तर मोजे मिळतील. हॉटेलात मी कार्ड घेऊन वेटरच्या मागोमाग गल्ल्यापर्यंत जातो. पुतण्या लाजून मेन्यूत तोंड घालतो. घालू दे.

गेल्या वर्षी रस्ता रुंद करायला घेतला आणि पंप बंद झाला. शेवटच्या दिवशी टाकी भरलेली असूनही मी गेलो. ताई नणंदेच्या खानावळीत जाणार होत्या, पोळ्या लाटायला. मी काच खाली केली आणि पेढ्यांचा पुडा बाहेर धरला. त्यांचे हात मागे गेले.

“ताई, पेढे आहेत.”

“दिसत्यात की. उतरा.”

मी उतरलो, चार पावलं चाललो. मग त्यांनी हात पुढे केले. दोन्ही.