रिकामा डी ड्राइव्ह
लेथवर ओततात त्या कूलंटचा वास आला, की कुपवाडचं ते वर्कशॉप आठवतं. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रींच्या कॉम्प्युटरवर मी ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर टाकत होतो. फाइली कुठल्या फोल्डरमध्ये ठेवायच्या, असं स्क्रीनवर आलं. "तुला बरं वाटंल तितं ठेव की गड्या," मिस्त्री म्हणाले. मी न वाचताच नेक्स्ट दाबलं. पुढे कॉम्प्युटर बंद पडला, तेव्हा त्यांची ड्रॉइंगं डी ड्राइव्हला असणार असं धरून मीच सी ड्राइव्ह फॉरमॅट मारला. डी उघडला, तर रिकामा; मी न वाचता नेक्स्ट दाबल्यामुळे सगळ्या फाइली सी ड्राइव्हलाच जात होत्या. "समदं गेलं व्हय?" मिस्त्रींनी विचारलं. मी मान हलवली. त्यांनी कॉम्प्युटरवर एक कापड टाकलं, मग माझ्यासाठी चहा सांगितला. आता मी प्रत्येक ठिकाणी आधी फोल्डर बदलतो. मिस्त्रींनी त्या दिवशी टाकलेलं कापड मात्र त्यांच्या कॉम्प्युटरवर अजून तसंच आहे म्हणे.