दार म्या लावलंतं

भूकंपाच्या केंद्रावर कामाला म्हणून सगळं गाव त्यांना हादरामावशी म्हणायचं. त्या केंद्राच्या पन्नास पावलं अलीकडेच चपला काढायच्या. ऊन मी म्हणत असो, वाटेवर सराटे पसरलेले असोत, पुढं अनवाणीच. मी नव्यानं रुजू झालेला तंत्रज्ञ, पायात बूट. "सायेब, यंत्राला पावलं कळत्यात," एवढंच म्हणाल्या आणि मी नाड्या सोडेपर्यंत वाट अडवून उभ्या राहिल्या. एवढ्या लांबून चपलेनं काही बिघडत नाही, हे त्यांना सांगायची हिंमत मला कधीच झाली नाही.

धारूरच्या डोंगरावर आमचं लहानसं भूकंपमापक केंद्र होतं. तारेचं कुंपण, एक खोली आणि खाली तळघरात खडकावर ठेवलेलं यंत्र. समुद्रापार कुठं जमीन हलली की तिच्या लाटा इथल्या खडकापर्यंत पोचायच्या आणि पडद्यावर रेघ डोलायला लागायची. झाडलोट करणं, सौर पाट्या पुसणं आणि तळघराचं दार लावणं हे मावशींचं काम. धनगराच्या घरातल्या, चौथीपर्यंत शिकलेल्या. पण रेघ पाहून ट्रॅक्टर गेला की मेंढरं, हे बिनचूक सांगायच्या. लांबच्या भूकंपाला त्या 'पाव्हणा' म्हणायच्या. "गावातलं पोर धाडधाड येतंय अन् जातंय. पाव्हणा दमानं येतो, लई येळ बसतो." दूरच्या लाटांचा इतका सोपा धडा मला कॉलेजात कुणी दिला नव्हता.

एकदा तालुक्यातले एक पुढारी चार कार्यकर्ते घेऊन आले. केंद्राच्या दारात नारळ फोडायचा बेत होता. मावशी आडव्या आल्या.

"कावून?" पुढाऱ्यांनी विचारलं.

"नारळ आपटला की रेघ उडती. त्याच टायमाला तिकडं कुणाचं घर पडत असंल, तर ती रेघ कुणी वाचायची?"

पुढारी नारळ घेऊन खाली उतरले. सख्ख्या दिराची मेंढरंसुद्धा मावशींनी कुंपणाजवळून दुसऱ्या वाटेनं वळवली होती. त्यावरून घरात दोन महिने अबोला होता, पण मेंढरं काही परत या वाटेला आली नाहीत.

एका सकाळी मी पोचलो तर रेघ सावकाश, लांबलचक डुलत होती. तळघराचं दार उघडं राहिलं की आत हवा फिरते आणि रेघ अशीच डुलते, हे आधीच्या केंद्रावर मी पाहिलेलं. शहाणपणा दाखवायची खाज मला तेव्हा फार. खाली जाऊन बघितलं नाही, मावशींना विचारलं नाही, नोंदवहीत शाईनं लिहून मोकळा झालो: 'तळघराचे दार उघडे राहिले. देखरेखीत हलगर्जी. नोंद निरुपयोगी.' त्याच महिन्यात मावशींच्या नेमणुकीची मुदत संपत होती. वही वरच्या कार्यालयात जायची होती, आणि अशा शेऱ्यावर नेमणूक पुढं चालू राहिली नसती. हे मला ठाऊक होतं, तरी लिहिलं.

मावशींनी ओळीवर बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं.

"दार म्या लावलंतं."

"विसरतं माणूस, मावशी."

"इसरले असते तर इसरले म्हणले असते. पाव्हणा आलाय, सायेब. दुसऱ्या केंद्रांला इचारा. तिथली दारं बी मीच उघडी ठिवली का?"

त्या दिवशी इंटरनेट बंद होतं. फोनला रेंज मिळायला डोंगराच्या टोकापर्यंत जावं लागायचं. मी कुरकुरत निघालो, मावशी मागोमाग. दोन ठिकाणी कुणी उचललाच नाही. मी परत फिरायला लागलो तर त्या दगडावर बसल्या. "पुन्हा लावा." दुपारपर्यंत त्यांनी मला हलू दिलं नाही, स्वतः भाकरीलाही उठल्या नाहीत. शेवटी उत्तर आलं. सगळ्या केंद्रांवर तीच डुलणारी रेघ होती. कुठंतरी दूर समुद्रात ज्वालामुखीचा मोठा स्फोट झाला होता.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परत येऊन मी तळघराचं दार बघितलं, ते बंदच होतं. शेरा खोडायला पेन उचललं, तर मावशींनी पानावर हात ठेवला.

"खोडू नका."

"अहो, तुमच्याच विरुद्ध लिहिलंय ते."

"ऱ्हाऊ द्या. यंत्राची रेघ आपण खोडतो का? खाली खरं लिवा. अन् कोण म्हणालं ते बी लिवा."

मी लिहिलं: 'वरील शेरा चुकीचा. दार बंद होते. लाटा दूरच्या ज्वालामुखीच्या. प्रथम ओळखणाऱ्या...' आणि थांबलो. दीड वर्ष रोज त्यांच्या हातचा चहा पीत होतो, पण त्यांचं खरं नाव मला माहीत नव्हतं. ते विचारताना मान वर होईना. मावशींनी मात्र वडिलांच्या नावासकट, सावकाश, ठासून सांगितलं.

नेमणूक चालू राहिली. पुढं माझी बदली झाली. गेल्या हिवाळ्यात मावशी वारल्याची बातमी मला आठ दिवस उशिरा कळली, तेव्हा भर कार्यालयात रडलो. त्या पानाची प्रत माझ्या टेबलावर काचेखाली आहे. नवी मुलं शिकायला येतात आणि साहेबांनी स्वतःची चूक अशी मांडून का ठेवलीय म्हणून एकमेकांकडं बघतात. मी त्यांना खालची ओळ मोठ्यानं वाचायला लावतो, मावशींच्या पूर्ण नावासकट.