आठ फळ्या, सात स्टेशनं

आमच्या मॉडेल रेल्वेच्या मंडळात माणसं आठ आणि पदाधिकारी सात. बिनपदाची एकटी मी, निवृत्त विज्ञान शिक्षिका. मला 'महिला प्रतिनिधी' करायचं घाटत होतं. प्रतिनिधी कुणाची, तर माझीच. मी नको म्हटलं.

छंदांच्या प्रदर्शनासाठी ठरलं ते असं: प्रत्येकाने चार फुटी एक फळी घ्यायची आणि तिच्यावर मनासारखा देखावा करायचा. फक्त रूळ सगळ्यांचे एकाच उंचीवर आणि कडेपासून एकाच अंतरावर. म्हणजे शहरात, शाहूपुरी पेठेतल्या हॉलमध्ये आठही फळ्या शेजारी शेजारी जोडल्या की छोटी गाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. नियम इतका सोपा की तो या लोकांनी पाळलासुद्धा. पुढे मात्र अक्कल गहाण ठेवली. देखावा म्हटल्याबरोबर सातही जणांनी स्टेशन बांधलं आणि त्यावर आपापल्या गावाची पाटी लावली.

अध्यक्ष कोडोलीचे, खतांच्या दुकानाचे मालक. कोडोलीला रेल्वे नाही, कधी नव्हती. यांच्या कोडोलीला दोन फलाट, स्वागत कमान आणि कमानीवर काडेपेटीएवढा फ्लेक्स: गॉगल लावलेले अध्यक्ष, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. पलीकडे उपाध्यक्षांचं शिरोळ. तिथे फलाटावर प्रवासी तीन आणि उसाने भरलेले ट्रॅक्टर नऊ. गाडी पाच डब्यांची. ती थांबली की इंजिन एका गावात आणि शेवटचा डबा दुसऱ्या गावात. यात कुणालाच काही गैर वाटत नव्हतं.

माझ्या फळीवर स्टेशन नव्हतं. ऊस, पाण्याचा पाट, एक फाटक आणि फाटकाशी खोळंबलेला सायकलवाला. उसाचे तुरे मी केरसुणीच्या काड्या सोलून केले होते, आठ महिने खपून. रेल्वे म्हणजे मुख्यतः दोन स्टेशनांमधली मोकळी जागा, हे मी मंडळाला तीन बैठकांत समजावलं. त्यांनी माना डोलावल्या आणि चहा मागवला. निदान माझ्या चार फुटांत गाडी पळताना दिसावी, एवढंच मला हवं होतं, आणि फार हवं होतं.

प्रदर्शनाच्या पहिल्या सकाळी पोचलो तर सत्काराचं व्यासपीठ चार फुटांनी वाढलेलं. सत्कारमूर्ती वाढले, फेटे वाढले, जागा आमची गेली. एक फळी काढावी लागणार होती. कोणती, यावर चर्चासुद्धा झाली नाही.

"बाई, तुमच्यात काय हायच न्हाई की," उपाध्यक्ष म्हणाले. "नुसता ऊस. त्यो काय, भाईरबी दिसतोय."

माझी फळी टेबलाखाली गेली. मी खुर्ची ओढून बसले आणि दिवसभर तो सात गावांचा उरूस बघितला. लोक खूश. "आमचं गाव कुठं हाय?" विचारायचे, वाकून फोटो काढायचे. गाडी जाताना कुठे दिसतच नव्हती, नुसती पोचत होती. मला इतका संताप आला होता की घरून आणलेला डबा मी उघडलासुद्धा नाही.

चारच्या सुमाराला अध्यक्ष शेजारी येऊन बसले. हातात पांढऱ्या कार्डाचा तुकडा आणि स्केचपेन.

"बाई, उद्या माझा बोर्ड काढतो, तुमचा बसवूया. पर मोकळ्या बोर्डासाठी गाव काढलं, म्हणून मेंबरं बोंबलतील. तवा एक पाटी लावू. तुमचं गाव कंचं?"

"शाहूपुरी."

"त्ये न्हवं. मूळ गाव."

मूळ गाव. भावकीशी भांडून माझे वडील तिथून निघाले ते परत गेले नाहीत, आणि घरात त्यांनी त्या गावाचं नाव कधी काढू दिलं नाही. त्यांच्या शाळेच्या दाखल्यावर मी ते एकदा वाचलं होतं. तिथे ऊस आहे की नुसता माळ, मला माहीत नाही. मंडळात प्रत्येकाकडे लावायला पाटी होती. माझ्याकडे नव्हती, म्हणून मी मोकळ्या जागेचं तत्त्वज्ञान केलं होतं. हे कळायला मला काडेपेटीएवढ्या फ्लेक्सवर स्वतःचा फोटो लावणारा माणूस लागला, याची मला भयंकर लाज वाटली.

"मला गाव नाही," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं. मी थट्टा करतेय का, ते ताडत असावेत. मग स्केचपेनचं टोपण दातांनी काढलं.

"मग कोडोली लिवतो. माझा बोर्ड काढला तरी गाव तर ऱ्हातंय की. आनि तुमालाबी एक गाव झालं."

हे साफ चूक आहे, असं अगदी जिभेवर आलं होतं. चौतीस वर्षं मुलांच्या वह्यांतल्या चुका मी लाल शाईने खोडल्या. त्यांना मात्र लिहू दिलं.