पाचची बोट

सोगम बेटावरच्या माणसाला चार वाजले की परक्या घरात बसवत नाही. किनाऱ्यावरच्या मोक्पो शहराहून शेवटची बोट पाचला सुटायची, ती चुकली की मुक्काम. म्हणून आमच्या बेटावरची माणसं लग्नाच्या जेवणातून उठलेली आहेत, भांडणं अर्धवट सोडून आलेली आहेत, आणि एकजण तर दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीतून तोंडात कापूस तसाच ठेवून पळालेला आहे.

ओकबुनला या सवयीने चांगलंच पोळलं होतं. लेकीच्या, मिरानच्या पहिल्या बाळंतपणात ती मोक्पोच्या दवाखान्यात दिवसभर तिचा हात धरून बसली. पण घरी सासू अंथरुणाला खिळलेली, तिला पाणी द्यायला दुसरं कुणी नाही. चारला हात सोडवून ती उठली. बोट धक्क्यापासून जेमतेम हलली असेल तेवढ्यात बाळ झालं. मिरान त्यावर कधी एक शब्द बोलली नाही, आणि ओकबुनला तेच जास्त लागलं.

पुढे पुलाचं काम निघालं, तेव्हा ओकबुनने कामगारांची खानावळ हातात घेतली. भात, किमची, माशाचं कालवण, असं सात वर्षं. वाढताना इंजिनियरला ठरलेला प्रश्न, "पूल जोडणार कधी?"

"मावशी, अजून खांबच उभे राहतायत."

"मग दुसऱ्यांदा भात काय मागतोस? ऊठ, कामाला लाग!"

सासू मधल्या काळात गेली. यंदा वसंतात पूल खुला झाला, बोट बंद झाली, आणि नऊ वर्षांनी मिरानचे पुन्हा दिवस भरले.

कळा सुरू झाल्याचा फोन आला तशी ओकबुन बसने निघाली. हातात समुद्रशेवाळाची हातभर लांब वाळवलेली जुडी. बाळंतिणीच्या सुपाचं शेवाळ मोडायचं नाही, दुमडायचं नाही, नाहीतर बाळंतपण अडतं. पुलावरून जाताना सगळे खिडकीतून खांब बघत होते. खांब ओकबुनच्या भातावर उभे राहिले होते, पण ती मात्र जुडीला कुणाचा धक्का लागू नये म्हणून दोन्ही हातांनी ती सांभाळत होती.

दवाखान्यात मिरानचा हात धरून ती बसली. चार वाजले. बाहेर कुणीतरी दार आपटलं, आणि ओकबुन उठलीच. चपला घातल्या, जुडी उचलली, "येते हं" म्हणाली आणि चालू पडली. मिरानने तोंड भिंतीकडे केलं.

धक्क्यावर तिकिटाची खिडकी बंद. ओकबुन तिच्यासमोर रांगेत उभी राहिली, एकटीच. मागून हॉर्न वाजला. बोटीचा जुना कप्तान चोन आता बेटाची बस चालवतो, तो खिडकीतून डोकावला.

"मिरानची आई, कुणाची वाट बघताय? बोट तर मी भंगारात घातली!"

ओकबुनने वळून रिकाम्या धक्क्याकडे पाहिलं.

"आणि शेवाळ परत कुठे निघालं? पोरीला काय गरम पाणी पाजणार?"

"अग बाई!" ओकबुनने कपाळाला हात लावला. "चोन, मला वेड लागलंय रे."

"तुम्हाला एकट्यांना नाही. परवा मी स्वतः इथे येऊन बोट शोधत होतो. चढा आधी!"

दवाखान्याचे जिने ती या वयात धावत चढली. मिरान घामाने निथळत होती. दारात आईला बघून तिने आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"आई, पाच वाजले. तुझी बोट जाईल."

"जाऊ दे तिला."

ओकबुनने चपला काढून पलंगाखाली लांब सरकवल्या आणि लेकीचा हात धरला. मिरानने तो इतका घट्ट दाबला की ओकबुनची अंगठी बोटात रुतली, पण तिने हात हलवला नाही. पावणेसहाला मुलगी झाली. उशाशी शेवाळाची जुडी होती, कुठेही न मोडलेली.